वजन किती भरतं?

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे एक काम आले. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाकडे लोक नाना प्रकारची कामे घेऊन येतात. कुणाला लग्नपत्रिकेचा मजकूर हवा असतो, कुणाला सोसायटीच्या तक्रारीचा अर्ज, कुणाला वारलेल्या चुलत्यावर चार ओळी. पण हे काम निराळे होते. एक बाप दारात येऊन उभा राहिला, चपला बाहेर काढून खुर्चीच्या अगदी कडेला बसला आणि म्हणाला, "मास्तर, माझ्या पोरीला शिक्षान सोडायला सांगा. तुमचं ती ऐकती."

शाळामास्तराकडे येऊन असे कुणी मागावे! माझा अंमळ अपमानच झाला. पण हा गृहस्थ शिक्षणाचा शत्रू नव्हे, हे मला पक्के ठाऊक होते. तीस वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातून तो कळंबोलीला आला आणि लोखंड बाजारात माथाडी म्हणून लागला. आमची कळंबोली ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : पुण्याहून येणारा द्रुतगती मार्ग जिथे संपतो, ते हे गाव. येथे पाहुणा म्हणून फारसे कुणी येत नाही. बहुतेक लोक येथून जातात. येथे मुक्कामाला येते ते लोखंड. सळया, पत्रे, गर्डर, पाइप. रात्री अकरा वाजता सुद्धा कुठेतरी ट्रेलर रिकामा होत असतो आणि त्याचा खणखणाट आमच्या झोपेचा एक भाग होऊन गेला आहे. या माणसाच्या उजव्या खांद्याची कातडी चपलेच्या तळव्यासारखी झाली होती, आणि त्या खांद्यावर त्याने मुलीचे शिक्षण वाहिले होते.

मुलगी दक्षिणेकडच्या एका मोठ्या संस्थेत पदार्थविज्ञानाचे संशोधन करीत होती. पाचवे वर्ष सरत आले होते. प्रबंध व्हायचा होता. एवढ्यात एक स्थळ चालून आले होते. मुलगा बँकेत, माणसे चांगली. फक्त मुलीने आता शिक्षण आटोपते घ्यावे एवढेच त्यांचे म्हणणे. तुळशीच्या लग्नापर्यंत होय की नाही ते कळवायचे होते.

"पाव्हणं इचारत्यात, पोरगी काय शिकती," तो म्हणाला. "मी काय सांगू? उजेडाचं कायतरी करती म्हनतो. ते हासत्यात. पाच वर्षं झाली, मास्तर. काय केलं, ह्ये मला कुनी सांगंल का?"

मी मान हलवली. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंत. दहावी म्हणा हवे तर. पण आमच्या घरात आजोबांपासून मॅट्रिक हाच शब्द चालत आला आहे. पुढे चित्रकला शिक्षकाची पदविका घेतली आणि गेली वीस-बावीस वर्षे मुलांना सफरचंदाची सावली कुठल्या बाजूला पडते ते शिकवतो आहे. उजेडाशी माझा संबंध तेवढाच. तरी मी "बोलतो" म्हणालो. ती सातवीत असताना माझ्या वर्गात होती आणि मला मानीत असे, एवढ्या भांडवलावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती फराळाचा डबा घेऊन आली. चकल्यांची चौकशी झाली, गाडीच्या गर्दीची झाली. मग मी घसा खाकरून विचारले, "तू नेमकं काय करतेस, ते मला समजेल अशा भाषेत सांगशील?"

तिने पिशवीतून थ्रीडी सिनेमाचा चष्मा काढला. "हा घाला सर, आरशापुढे उभे राहा आणि एक डोळा मिटा."

वाचकहो, सेहेचाळीस वर्षांच्या माणसाने ऐन दिवाळीत काळा चष्मा घालून आरशाला डोळा मारावा, हे दृश्य आमच्या घरातल्यांना फार आवडले. पण मी मात्र चकित झालो होतो. मिटलेला डोळा काचेमागे चांगला दिसत होता. आणि ज्या डोळ्याने मी पाहत होतो, त्याच्यापुढची काच डांबरासारखी काळी! डोळे बदलले, तरी तेच. उघडा डोळा स्वतःलाच दिसत नव्हता. (सगळ्याच थ्रीडी चष्म्यांनी असे होत नाही, काहींत नेमके उलटे दिसते. तिने हा मुद्दाम निवडून आणला होता.)

"उजेडाला गिरकी असते, सर," ती सांगू लागली. "उजवी नाहीतर डावी. या चष्म्याची एक काच उजवी गिरकी आत घेते, दुसरी डावी. तुमच्या काचेतून उजवी गिरकी घेऊन निघालेला उजेड आरशावर आपटला की डावा होऊन परत येतो. मग तीच काच त्याला आत घेत नाही."

ही गिरकी म्हणजे बोलण्याची रीत नव्हे, खरोखरची गोष्ट आहे, हेही तिने सांगितले. १९३१ साली कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि भगवंतम् यांनी विखुरलेल्या प्रकाशाची तपासणी करून प्रकाशकणाला गिरकी असल्याचा पुरावा पुढे ठेवला. पाच वर्षांनी अमेरिकेत रिचर्ड बेथ या शास्त्रज्ञाने अतिशय बारीक तंतूवर स्फटिकाची एक चकती टांगली, तिच्यातून गिरकीचा उजेड सोडला, आणि चकती वळली. उजेडाने वस्तूला पीळ दिला! मला ही चकती फार आवडली. देवघरातल्या समईच्या उजेडाने वरची घंटा हलावी, तसे काहीसे.

"आणि तुझे आरसे?"

"सलूनमध्ये समोरासमोर आरसे असतात ना? मधे बसलं की आपलीच रांग दिसते, लांबपर्यंत. ते दोन आरसे जवळ आणा. इतके जवळ, की केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या-शंभराव्या हिश्श्याएवढीच फट राहील. त्या फटीत अर्धवाहकाचा पातळ थर ठेवा. आत शिरलेला उजेड या आरशावरून त्या आरशावर आपटत राहतो. मधला थर त्याला गिळतो, पुन्हा बाहेर टाकतो. परत गिळतो, परत टाकतो. हे इतक्या झपाट्यानं होतं की शेवटी आत आहे तो उजेड की पदार्थ, हे सांगताच येत नाही. दोन्ही मिळून एकच वस्तू होते. अर्धी उजेड, अर्धी पदार्थ."

या वस्तूचे नाव पोलॅरिटॉन. हे नाव १९५८ साली जॉन हॉपफील्ड यांनी दिले. यंत्रांना स्मरणशक्ती कशी द्यावी या अगदी निराळ्या कामासाठी २०२४ सालचे नोबेल पारितोषिक ज्या दोघांना मिळाले, त्यांतले हे एक. आरशांच्या फटीत ही वस्तू प्रथम दिसली ती १९९२ साली, क्लोद वाइसबुख हे फ्रेंच शास्त्रज्ञ आणि त्यांचे जपानी सहकारी यांना. मी तिचे आपले 'अर्धउजेड' असे नाव ठेवून टाकले. मुलगी हसली, पण हरकत घेतली नाही.

अर्धउजेडाचा मोठा गुण असा की तो एकमेकांना धक्का देऊ शकतो. दोन विजेऱ्यांचे झोत एकमेकांतून आरपार जातात, कुणाला कुणाची दादही नसते. पण पदार्थाचा अंश अंगात आला की टक्करही होते आणि संगतही. २००६ साली फ्रान्समधल्या ग्रनोब्ल येथे आणि इतर ठिकाणच्या शास्त्रज्ञांनी मिळून, उणे २५४ अंशांच्या आसपासच्या थंडीत, हे कण एकाच लयीत एकवटतात असे दाखवले. असे एकवटणे ज्या गणिताच्या वाटेने सापडले, ते गणित डाक्क्याच्या सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली आइन्स्टाइनला पाठवले होते.

आणि मुलीचा विषय या अर्धउजेडाच्या गिरकीचा. आपण भूगोलात शिकतो : पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे ते परिवलन, सूर्याभोवती फिरणे ते परिभ्रमण. गिरकी एक, वाट एक. सूक्ष्म जगात मात्र या दोन गोष्टींची गाठ पडते. गिरकीचा वाटेवर परिणाम होतो आणि वाटेचा गिरकीवर. मला एकदम माझे आजोबा आठवले. सुभाष गुप्ते यांनी १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडीजचे एका डावात नऊ गडी बाद केले, ती गोष्ट ते पुराणासारखी सांगत. हात तोच, धाव तीच, पण बोटांनी दिलेली गिरकी चेंडू टप्पा पडेपर्यंत पोटात ठेवतो आणि मग वाट बदलतो. "तसंच ना?" मी विचारले.

"अर्धं तसं," ती म्हणाली. "आमच्याकडे वाटच गिरकी ठरवते."

इथे माझी गाडी अडली. समजले असे म्हणण्याची सोय नव्हती आणि नाही म्हणण्याची लाज वाटत होती. विषय बदलण्यासाठी मी बापाचे काम काढले. स्थळ चांगले आहे, वडील थकले आहेत, असे काहीबाही बोललो. ती खाली मान घालून ऐकत होती. मग तिने पिशवीतून एक जुनी फाइल काढली. आत प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला चित्रकलेचा एक कागद होता.

सातवीची परीक्षा. विषय : पावसाळ्यातील एक दृश्य. इतर मुलांनी छत्र्या, डोंगर, नारळाची झाडे काढली असतील. हिने ट्रेलरची मागची चाके काढली होती आणि चाकांखालचे डबके. त्या डबक्यात जांभळी, हिरवी, सोनेरी, तांबडी वर्तुळे, एकात एक. खाली लाल पेन्सिलीने माझे अक्षर होते. माझेच. 'पाण्यात असे रंग नसतात. निरीक्षण करा. १० पैकी ३.'

निरीक्षण करा!

मी लोखंड बाजारापासून हाकेच्या अंतरावर राहतो. पावसाळ्यात त्या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन, पँट वर धरून, डबकी चुकवीत. डबके चुकवणारा माणूस त्यात पाहत नाही. तेलाचा पातळ पापुद्रा पाण्यावर पसरतो, त्याच्या वरच्या आणि खालच्या अंगावरून उजेड परततो, आणि पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे कुठला रंग खुलायचा नि कुठला विझायचा ते ठरते, हे मला तिने आता सांगितले. रंगाचा शिक्षक मी!

"तुम्ही असं लिहिलंत तेव्हा मी रविवारी आबांबरोबर बाजारात जाऊन पुन्हा बघितलं," ती म्हणाली. "रंग होतेच. मग ते का होते ते शोधायला लागले. तेलाच्या पापुद्र्याची दोन अंगं आणि माझे दोन आरसे, खरं तर एकच गोष्ट आहे, सर. मी अजून त्याच डबक्यात बसलेय."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. मी म्हणालो, "आण तो कागद. मी गुण बदलून देतो." तिने कागद पुन्हा पिशवीत घातला. "राहू द्या. आहे तसाच बरा आहे."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पण सोडावं असं मलाही वाटतं, सर, कधी कधी. दुसऱ्यांना दिसलं ते फार थंडीत. मी असा पदार्थ घेतलाय की ज्याला ती थंडी लागू नये. चौदा महिने झाले, जे दिसायला हवं ते दिसत नाही. आणि दिसलं तरी उपयोग काय, असं आबांनी विचारलं, तर कमी उष्णतेत चालणारी उजेडाची यंत्रं होतील कदाचित, एवढंच सांगता येईल. कदाचित या शब्दावर कोण थांबतो?"

उपयोगाच्या संदर्भात तिने मला पंचरत्नम् यांची हकीकत सांगितली. रामन यांचा हा भाचा. बंगळूरला स्फटिकांतून जाणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास करताना १९५६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने प्रकाशाच्या कंपनांची दिशा फिरवून पुन्हा मूळ जागी आणली, तरी त्या प्रवासाची एक खूण प्रकाशात उरते, असे सिद्ध केले. लेख एका भारतीय नियतकालिकात छापला गेला आणि पडून राहिला. १९६९ साली पस्तिसाव्या वर्षी पंचरत्नम् वारले. इंग्लंडमधल्या मायकेल बेरी यांनी तशाच विचाराने जगाचे लक्ष वेधले, तेव्हा कुठे, ऐंशीच्या दशकात, लोकांना बंगळूरच्या त्या लेखाची आठवण झाली. आज कागदासारखी सपाट भिंगे करतात, त्यांत ती खूण कामी येते. ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण तीस वर्षे कपाटात पडलेला तो लेख, आणि पस्तिसावे वर्ष, एवढेच डोक्यात राहिले. बापाला ही गोष्ट सांगण्यात अर्थ नव्हता.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. दारापुढची फरशी जेमतेम चार हात. तिच्यावर मुलगी रांगोळी काढीत होती. चार पाकळ्या. एक तांबडी, एक निळी, पुन्हा एक तांबडी, एक निळी. आबा उंबऱ्यात बसून आकाशकंदिलाच्या उरलेल्या कामट्या बांधून ठेवीत होते.

मीच तोंड उघडले. "ही काय काढते आहे ठाऊक आहे का? हेच तिचं पाच वर्षांचं काम."

"रांगोळी?"

"आबा, हा उजेडाचा नकाशा आहे," ती म्हणाली. "मधे उजेड सोडलाय. तो चारी बाजूंनी पसरतो. तांबड्यात उजवी गिरकी होते, निळ्यात डावी. सोडताना मात्र गिरकी नसते."

आबांनी रांगोळीकडे पाहिले. मग ज्या माणसाने उभ्या आयुष्यात वस्तूची ओळख एकाच प्रश्नाने करून घेतली, त्याने तोच प्रश्न विचारला. "वजन किती भरतं?"

मला हसू येणार होते, पण मुलगी गंभीर होती. "इलेक्ट्रॉन माहीत आहे ना? फार हलका. त्याच्या वजनाचा दहा हजारावा नाहीतर लाखावा हिस्सा."

"मंग हमालाचं काय काम!" आबा म्हणाले, आणि त्यांच्या घरात त्या दिवाळीत प्रथमच सगळे मिळून हसले असावेत, कारण आतून आईने, काय झाले, म्हणून डोकावून पाहिले.

"काम आहे," मुलगी म्हणाली. तिने त्यांच्या हातातली एक कामटी घेतली. "आबा, ही सळई समजा. अरुंद गल्लीतून न्यायचीय. वाटेच्या दिशेनं धरली तर?"

"जाईल की सुरळीत."

"आडवी धरली?"

"जड जाईल. वेळ लागंल. पर सरळ जाईल."

"आणि तिरकी?"

आबा उत्तर देण्याऐवजी उठले. त्यांनी कामटी दोन्ही हातांत तिरकी धरली आणि अंगणात दोन पावले टाकली. खांदा आपोआप खाली गेला, जणू खरोखरची सळई होती. "तिरकी झाली की येक टोक अडतं, येक फुडं पळतं. मंग ती गिरकी घेती. लई वंगाळ. ह्या अंगाला तिरकी आसली तर अशी फिरती, त्या अंगाला आसली तर तशी." आणि ते थांबले. कामटीकडे पाहिले, रांगोळीकडे पाहिले.

"आता ती अशीच धरा, दिशा बदलू नका, आणि या मधल्या ठिपक्यापासून एकेका पाकळीकडे जा," मुलगी हळूच म्हणाली.

पाकळ्या विस्कटू नयेत म्हणून ते रांगोळीच्या कडेकडेने गेले. एकीकडे गेले तेव्हा कामटी वाटेच्या डाव्या अंगाला कलली होती, शेजारच्या पाकळीकडे गेले तेव्हा उजव्या. तिसरीकडे पुन्हा पहिल्यासारखी. "सळईला डोकं-शेपूट नसतं," ते स्वतःशीच बोलले. "म्हून समोरासमोरच्या येका रंगाच्या."

"हो."

"आन् ह्या मधल्या चार फटी?"

"तिथं ती सरळ असते किंवा आडवी. गिरकी नाही. म्हणून रंग नाही."

मी आदल्या दिवशी तासभर ऐकून जिथे अडलो होतो, तिथून हा माणूस दहा पावलांत पार झाला. मुलीने लगेच सांगितले की उजेडाला सळईसारखी टोके नसतात, त्याचे कंपन या रेषेत होते, आणि तिरके कंपन म्हणजे थोडे उभे नि थोडे आडवे; आरशांच्या फटीत त्यांतले एक मागे पडते आणि त्यातून गिरकी उपजते. पण ते सगळे आबांना नको होते. त्यांना दुसरेच विचारायचे होते.

"ह्ये पयल्यांदा कुनी सांगितलं?"

"कावोकिन आणि त्यांच्या सोबत्यांनी. २००५ साली, कागदावर. दोन वर्षांनी पॅरिसमध्ये डोळ्यांनी दिसलं. २०१९ साली पोलंडच्या लोकांनी घड्याळाच्या काचेत असतो तसला द्रवस्फटिक आरशांच्या मधे भरला आणि विजेनं ही गाठ हवी तशी फिरवून दाखवली."

"आन् तू?"

"मला अजून दिसलं नाही, आबा."

फटाक्यांचा आवाज होत होता. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. कामट्या बांधून झाल्या, सुतळीचे टोक दातांनी तोडून झाले. आई पूजेला बोलावीत होती. मी निघालो, तेव्हा ते कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले. "पाव्हण्यांना मी कळवीन काय कळवायचं ते," एवढेच म्हणाले. आणि त्या कळवण्यात काय असेल, हे त्यांच्या स्वरावरून मला मुळीच उमगले नाही.

भाऊबीज झाल्यावर ती गेली. तुळशीची लग्ने लागली. मी चौकशी केली नाही. आपण ज्या कामात नापास झालो त्याची चौकशी करू नये. पुढे कुणाकडून तरी कळले की ते स्थळ दुसरीकडे जमले.

या श्रावणात एका सकाळी शाळेत जाताना बाजाराच्या रस्त्यावर आबा दिसले. ट्रेलरच्या सावलीत उभे होते. मला हाक मारून त्यांनी खिशातून मोबाइल काढला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे धरला. काळ्या पार्श्वभूमीवर चार पाकळ्या होत्या. दोन तांबड्या, एक निळी. चौथी इतकी पुसट, की मी डोळ्यांवर हात धरून पाहिले तेव्हा कुठे दिसली.

"ही येक अजून नीट आली न्हाई, म्हनली," आबा म्हणाले. "आरसा येका अंगाला कललाय, म्हनती. पुन्यांदा बसवणार हाय."

तेवढ्यात मुकादमाची हाक आली. त्यांनी मोबाइल ठेवला, खांद्यावरचा पंचा नीट केला आणि ते सळयांकडे गेले. ट्रेलरखाली रात्रीच्या पावसाचे डबके साचले होते. पहिली घंटा व्हायला आठ-दहा मिनिटे होती. मी उकिडवा बसलो.